होजिअरीवरच्या भरतकामाला आधार कशाचा द्यावा?

प्रश्न: माझ्याकडे एका सुईचं एम्ब्रॉयडरी मशीन आहे, हूप (कापड धरून ठेवणारी चौकट) १०० × १०० मिमी. सुती शर्ट, रुमाल, कापडी पिशव्या यांवर काम छान येतं. आता एका क्लबसाठी पोलो टी-शर्टांवर ८० मिमी व्यासाचं, सुमारे ११,००० टाक्यांचं बोधचिन्ह आणि साध्या पातळ टी-शर्टांवर नावं करून द्यायची आहेत. नमुन्याचे तीन शर्ट केले. हूपमध्ये काम अगदी सपाट दिसत होतं, बाहेर काढल्यावर भोवती चुण्या पडल्या आणि दुसऱ्या धुण्यानंतर त्या आणखी वाढल्या. पोलोवरची बारीक अक्षरं कापडात बुडाली. पातळ टी-शर्टावर अक्षरांच्या कडेने भोकं दिसू लागली. खाली टेअर-अवे बॅकिंगचे (कापडाखाली आधाराला ठेवायच्या, फाडून काढता येणाऱ्या पटलाचे) दोन थर होते, सुई ९०/१४, टोकदार. कापड हूपमध्ये ढोलासारखं ताणून बसवलं होतं. कोणतं बॅकिंग, कोणती सुई, कोणता दोरा घेऊ? आणि टेअर-अवेचा अख्खा रोल घरात आहे, त्याचं काय करू?

उत्तर: तुम्ही जे वापरलंत ते सगळं साध्या विणीच्या कापडासाठी बरोबर आहे. होजिअरीसाठी मात्र त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलावी लागते, आणि सगळ्या बदलांमागचं कारण एकच आहे. शर्टाच्या साध्या सुती कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात. होजिअरीत धागा कड्या-कड्यांनी गुंफलेला असतो. ओढलं की कडी उघडते, सोडलं की मिटते, म्हणून कापड ताणतं. भरतकाम मात्र ताणत नाही. हजारो टाक्यांनी बांधलेला तुकडा ताणणाऱ्या कापडात बसवायचा, तर त्या तुकड्याखालचं कापड कायमचं स्थिर करायला हवं. मशीनवर असेपर्यंत स्थिर ठेवून भागत नाही. शर्ट फाटेपर्यंत, प्रत्येक धुण्यात आणि प्रत्येक वेळी अंगात घालताना, तो आधार तिथे असावा लागतो.

तुमच्या चुण्यांचं मूळ इथेच आहे. टेअर-अवे म्हणजे कच्चे चिकटवलेले तंतू, कागदासारखे फाटावेत म्हणूनच बनवलेले. दाट टाक्यांत सुई त्याला इतक्या वेळा टोचते की काम संपेपर्यंत डिझाइनच्या कडेने ते जवळपास सुटलेलं असतं. जे उरतं ते तुम्ही हाताने फाडता आणि टाक्यांखाली शिल्लक राहिलेलं पहिल्या काही धुण्यांत भुसभुशीत होतं. त्यानंतर भरतकामाला धरणारं काही उरत नाही. पहिल्या धुण्यापेक्षा दुसऱ्यानंतर चुण्या वाढल्या, हे त्याचंच लक्षण. थर दोनाचे चार केले असते तरी हेच झालं असतं.

म्हणून होजिअरीसाठी कट-अवे घ्या. ते फाटत नाही, कात्रीने कापावं लागतं आणि डिझाइनखालचा भाग कायम राहतो. कट-अवेचे दोन प्रकार तुमच्या कामाचे आहेत आणि दोन्ही घरात असावेत.

पोलोसाठी मध्यम वजनाचं साधं कट-अवे. पाकिटावर वजन बऱ्याचदा औंसांत असतं, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की प्रति चौरस यार्ड १ औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर). २.५ औंस, म्हणजे ८५ जीएसएमच्या आसपासचं कट-अवे २००-२४० जीएसएमच्या पिकेला, म्हणजे पोलोच्या खळगे असलेल्या कापडाला, बरोबर बसतं. ८,०००-१०,००० टाक्यांपर्यंत एक थर पुरतो. तुमचं बोधचिन्ह ११,००० टाक्यांचं आहे, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. तिथे कट-अवेचा दुसरा थर घालण्याआधी आम्ही वेगळा उपाय सुचवू, आणि तो तुमच्या रोलचाही प्रश्न सोडवतो: हूपमध्ये कट-अवेचा एक थर बसवा आणि टेअर-अवेचा एक तुकडा हूपखाली नुसता सरकवा. टाके पडत असताना तो कडकपणा देईल, काम झाल्यावर फाडून टाका. कायमचा भार कट-अवेवरच राहील आणि शर्टाची छाती पुठ्ठ्यासारखी होणार नाही.

पातळ टी-शर्टासाठी हेच ८५ जीएसएम वापरू नका. १५०-१६० जीएसएमच्या सिंगल जर्सीवर त्याचा चौकोन बाहेरून सरळ उमटतो. तिथे नो-शो मेश लागते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची ही पारदर्शक, मऊ जाळी ५० जीएसएमच्या आसपास असते, अंगाला टोचत नाही आणि पातळ असूनही फाटत नाही. वापरण्याआधी तुकडा हातात धरून उभा आणि आडवा ओढून पाहा. काही जाळ्या एका दिशेला जास्त ताणतात. टी-शर्टाचं कापड आडवं जास्त ताणतं, तेव्हा जाळीची कमी ताणणारी दिशा शर्टाच्या आडव्या दिशेला लावा. दोन थर लागले तर दुसरा पहिल्यावर काटकोनात फिरवून ठेवा. एकाच दिशेने ठेवलेले दोन थर एकाच दिशेने हार मानतात.

जाळी दोन तऱ्हांची मिळते: साधी आणि इस्त्रीने चिकटणारी. तुम्ही चिकटणारी घ्या. शर्टाच्या उलट बाजूला ती इस्त्रीने बसली की तेवढ्यापुरतं कापड होजिअरी राहतच नाही, ताणायचं थांबतं आणि हूपमध्ये बसवताना तुमच्या हातून ओढलं जाण्याची शक्यता फार कमी होते. नवख्या हाताला याइतकी मदत दुसरं कोणतंही साहित्य करत नाही. इस्त्री दाबून उचला, घासू नका. घासली तर कापड ताणलेल्या अवस्थेतच जाळीला चिकटतं आणि चुण्या टाके घालण्याआधीच पक्क्या होतात. स्पॅन्डेक्स असलेल्या किंवा खेळाच्या पॉलिएस्टर शर्टावर इस्त्री मध्यम ठेवा आणि मध्ये सुती कापड घ्या, नाहीतर चमक येते. रंगाचंही पाहा. पांढऱ्या पातळ शर्टाखाली पांढरी शुभ्र जाळी उठून दिसते, त्वचेच्या रंगाजवळची फिकट तपकिरी जाळी लपते. काळ्या शर्टाला काळी.

आता एक गोष्ट जी बॅकिंगमध्ये मोडत नाही, पण तुमच्या दुसऱ्या धुण्याच्या तक्रारीत तिचाही वाटा असण्याची शक्यता आहे. सुती होजिअरी पहिल्या धुण्यांत आटते. पॉलिएस्टरचा दोरा आणि कट-अवे आटत नाहीत. भोवतीचं कापड आत आलं की भरतकामाच्या कडेला झालर तयार होते. शर्ट स्वतःचे असतील तर आधी धुऊन, ज्या रीतीने पुढे वाळवले जाणार त्याच रीतीने वाळवून घ्या. क्लबचे नवे शर्ट धुऊन देता येत नसतील, तर त्याच मालातला एक शर्ट घ्या, छातीवर २० सेंटिमीटरची रेघ उभी आणि आडवी काढा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. १ सेंटिमीटर कमी झाली तर ते ५ टक्के आटणं आहे. एवढ्या आटणाऱ्या कापडावर दाट भरलेलं बोधचिन्ह घ्यायला आम्ही तयार होणार नाही. शर्ट बदलायला सांगा किंवा डिझाइन हलकं करा.

ढोलासारखं ताणण्याचा नियम अर्धा बरोबर आहे. बॅकिंग ढोलासारखं असावं, शर्ट मात्र टेबलावर पसरल्यासारखा निवांत. हूपमध्ये ताणलेला शर्ट काम चालू असताना सुंदरच दिसतो. कापड ताणलेल्या मापात बांधलं जातं आणि हूप सोडला की बाकीचं कापड मागे येतं, बांधलेलं येऊ शकत नाही. खात्री करायची तर हूपमध्ये बसवण्याआधी धुतल्यावर जाणाऱ्या खडूने बरोबर ५ सेंटिमीटरची एक उभी आणि एक आडवी रेघ काढा. हूप घट्ट केल्यावर पट्टी लावा. ५.१ झाली असेल तर काढून पुन्हा बसवा. कापडातल्या उभ्या रेषाही पाहा: हूपच्या कडेला त्या धनुष्यासारख्या वाकल्या असतील तर तिथे कापड ओढलं गेलं आहे. स्क्रू घट्ट केल्यानंतर कडेचं कापड बोटांनी खेचून सपाट करायची सवय सुती कापडावर लागते, ती इथे पूर्ण सोडायची.

शर्ट हूपमध्ये न घालण्याचाही मार्ग आहे आणि पिकेवर हूपचा वळ उमटत असेल तर तोच बरा. फक्त कट-अवे हूपमध्ये कडक ताणून बसवा, त्यावर तात्पुरता चिकटणारा स्प्रे हलका मारा आणि शर्ट मधून कडेकडे हात फिरवत वर ठेवा. स्प्रे २०-२५ सेंटिमीटरवरून, बॅकिंगवर मारायचा, शर्टावर नाही, आणि मशीनपासून दूर, एखाद्या खोक्यात. जास्त झाला की गोंद सुईला चढतो, दोरा तुटू लागतो आणि माणूस टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतो. असं झालं तर सुई स्पिरिटने पुसा. शर्ट ठेवल्यावर डिझाइनभोवती ५-६ मिमी लांबीच्या मोकळ्या टाक्यांची चौकट घाला. बहुतेक मशीनमध्ये ही सोय असते. नुसत्या स्प्रेवर ११,००० टाक्यांचं डिझाइन सोडू नका, कापड हळूहळू सरकतं आणि बाहेरची किनार आतल्या भरणीपासून सुटते.

भोकांचा दोष बहुतांशी सुईचा. टोकदार सुई कडीच्या धाग्यातून आरपार जाते आणि तो कापते. त्या क्षणी काही दिसत नाही. धुताना कापड ताणलं की तुटलेली कडी उसवते आणि अक्षराच्या कडेला भोक उघडतं. बॉल पॉइंट सुईचं टोक गोलसर असतं, ते धाग्याला बाजूला सारून कड्यांमधून वाट काढतं. शिवाय ९०/१४ म्हणजे ०.९० मिमी जाडीची सुई, ४० नंबरच्या दोऱ्याला इतकी जाड लागतच नाही. ७५/११ बॉल पॉइंट ही तुमची रोजची सुई असू द्या. हलकं गोल टोक, ज्यावर एसईएस लिहिलेलं असतं, पोलो आणि टी-शर्ट दोन्हीला चालतं. स्पॅन्डेक्सच्या फार ताणणाऱ्या कापडावर ती टाके सोडत असेल तर मध्यम गोल टोकाची, एसयूके लिहिलेली घ्या. त्याहून गोल टोक नको: टोक जितकं बोथट, तितका टाका ठरलेल्या जागेपासून सरकतो आणि अक्षरांची कड ओबडधोबड येते. सुईचा दांडा कोणता लागतो ते मशीनच्या पुस्तिकेत पाहूनच घ्या, घरगुती आणि औद्योगिक मशीनचे दांडे वेगळे असतात. सुमारे ८ तास चाललेली सुई बदला. गोल टोकाला खरवड आली की ती टोकदार सुईपेक्षा वाईट वागते. पायमोज्याच्या कापडातून टोक ओढून पाहा, अडकलं तर सुई टाकून द्या.

भोकांचं दुसरं कारण डिझाइनमध्ये असतं. अक्षराच्या कोपऱ्यांत आणि अरुंद टोकांत एकाच जागी पुन्हा पुन्हा सुई पडते. १ मिमीपेक्षा अरुंद सॅटिन (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे शेजारी-शेजारी टाके) आणि अर्ध्या मिमीचे तुकडे-टाके होजिअरीत छिद्रांची माळ तयार करतात. फाइलमधून असे टाके काढून टाकणारी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालवा.

पिकेमध्ये अक्षरं बुडतात, कारण त्या कापडाला खळगे असतात आणि दोरा त्यांत बसतो. याला वर टॉपिंग लागतं: पाण्यात विरघळणारी पातळ पारदर्शक फिल्म, साधारण २० मायक्रॉनची. कापडावर नुसती पसरा, मोकळ्या टाक्यांच्या चौकटीखाली धरा, काम झाल्यावर फाडा. अक्षरांच्या पोटात अडकलेले बारीक तुकडे ओल्या बोळ्याने टिपले की जातात. लेससाठी मिळणारी ८० मायक्रॉनची जाड फिल्म इथे घेऊ नका, ती फाडताना टाके ओढले जातात. रिब आणि फ्लीसवरही टॉपिंग हवंच. गुळगुळीत जर्सीवर मोठ्या अक्षरांना गरज नाही, ८ मिमीपेक्षा लहान असतील तर वापरा. उरलेली फिल्म हवाबंद पिशवीत ठेवा. दमट हवेत ती चिकटते, कोरड्या हवेत कडकडते.

मात्र टॉपिंग विरघळून जातं हे विसरू नका. त्यानंतर अक्षर वर उचलून धरतो तो अंडरले, म्हणजे वरच्या टाक्यांआधी घातलेला पाया. सॅटिनच्या अक्षरांना कडेने एक धावती ओळ आणि तिच्यावर झिगझॅग. भरणीला वरच्या टाक्यांना आडवी जाणारी विरळ जाळी. तुमच्या फाइलमध्ये अंडरले नसेल, तर कोणतीही फिल्म ती अक्षरं दोन धुण्यांनंतर वर ठेवणार नाही.

दोऱ्याबद्दल फार विचार करायला नको. ४० नंबरचा पॉलिएस्टर, बॉबिनला ६० किंवा ९० नंबरचा पातळ पॉलिएस्टर. इथे नंबर वाढला की दोरा पातळ होतो. रेयॉन दिसायला मऊ आणि चमकदार, पण ओला असताना कमजोर. सतत धुतल्या जाणाऱ्या क्लबच्या शर्टांना पॉलिएस्टरच. बोधचिन्हातली ५ मिमीहून लहान अक्षरं ६० नंबरच्या दोऱ्याने आणि ६५/९ सुईने करा. पॉलिएस्टरची एक खोड माहीत हवी: वरचं टेन्शन जास्त असेल तर तो ताणून शिवला जातो आणि नंतर आखडतो. त्याने पडणाऱ्या चुण्या बॅकिंगच्या चुण्यांसारख्याच दिसतात. सॅटिनच्या अक्षराची उलट बाजू पाहा. मधल्या एक तृतीयांश पट्टीत बॉबिनचा दोरा दिसला तर टेन्शन ठीक आहे. बॉबिनचा दोरा तिथे दिसतच नसेल तर वरचं टेन्शन कमी पडतंय. तो बराच पसरलेला दिसला, किंवा सुलट बाजूला डोकावू लागला, तर वरचं टेन्शन सैल करा.

आता बोधचिन्हाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ८० मिमीचं पूर्ण भरलेलं वर्तुळ हे होजिअरीवरचं सगळ्यांत अवघड काम आहे. प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने आवळतो. त्यामुळे टाक्यांच्या दिशेने वर्तुळ आत येतं, काटकोनातल्या दिशेने फुगतं, आणि किनारीत फट पडते. बॅकिंग हे कमी करतं, पुरतं थांबवत नाही. उरलेलं फाइलमध्ये भरून काढावं लागतं. ओळींमधलं अंतर ०.४० मिमी असेल तर ०.४५ करा. भरणी आणि सॅटिनला ०.३ ते ०.४ मिमी पुल कॉम्पेन्सेशन द्या, म्हणजे आवळण्याची भरपाई म्हणून आकार टाक्यांच्या दिशेने तेवढा वाढवा. टाक्यांचा क्रम मधून बाहेरच्या दिशेने ठेवा, म्हणजे सैल कापड कडेला ढकललं जाईल, मध्ये कोंडणार नाही. फाइल मोठ्या मापाची असून मशीनवरच लहान केली असेल, तर टाक्यांची संख्या तीच राहून दाटी वाढली असण्याची शक्यता मोठी आहे. मशीनवर १० टक्क्यांपेक्षा जास्त लहान-मोठं करू नका.

पोलोवर हे नीट केलेलं बोधचिन्ह चालेल. पातळ टी-शर्टावर ते करून देऊ नका, क्लबने आग्रह धरला तरी. तिथे पार्श्वभूमी मोकळी सोडून शर्टाचाच रंग वापरा, नुसती किनार आणि अक्षरं शिवा. रंगीत पार्श्वभूमी हवीच असेल तर कापडाचा तुकडा लावून ॲप्लिके करा, भरणीचे हजारो टाके वाचतात.

क्लबच्या शर्टाला हात लावण्याआधी त्याच वजनाच्या जुन्या टी-शर्टावर ३० मिमीचं भरीव वर्तुळ आणि नावाची दोन अक्षरं करून पाहा. मशीनचा वेग मिनिटाला ६०० टाक्यांच्या आसपास ठेवा. हूप काढल्यावर वर्तुळ दोन्ही दिशांनी मोजा. टाक्यांच्या दिशेने २९.२ आलं तर तो ०.८ मिमीचा फरक कॉम्पेन्सेशनमध्ये वाढवा. मग तुकडा दोनदा धुवा आणि तेव्हाच निर्णय घ्या. न धुतलेल्या नमुन्यावरून होजिअरीचं काही कळत नाही, हे तुमच्या तीन शर्टांनी दाखवलंच आहे.

काम झाल्यावर कट-अवे टाक्यांपासून ८-१० मिमी सोडून, कोपरे गोल ठेवून कापा. उचलायचं ते बॅकिंग, शर्ट टेबलावरच राहू द्या, म्हणजे कात्रीत कापड येणार नाही. अगदी टाक्यांलगत कापू नका, कडेचा आधार तिथेच निघून जातो. दोन थर असतील तर एक ६ मिमीवर आणि दुसरा १० मिमीवर कापा, म्हणजे कडेची पायरी बाहेरून दिसत नाही. लहान मुलांच्या शर्टात मागून इस्त्रीने चिकटणारं मऊ, ताणणारं अस्तर लावा. बॉबिनच्या गाठी टोचत नाहीत.

तुमचे बिघडलेले तीन शर्ट: भरतकाम उसवायला जाऊ नका, सुईने तुटलेल्या कड्या तशाच राहतील आणि टाके निघाल्यावर भोकं पूर्ण उघडी पडतील. जाड टॉवेलवर शर्ट उलटा ठेवून वाफेने मध्यम दाब द्या, कापड हाताने मूळ मापात आणा, थंड होऊ द्या. मग चिकटणाऱ्या जाळीचा, डिझाइनपेक्षा सगळीकडून २ सेंटिमीटर मोठा गोल तुकडा मागून दाबून बसवा. पोलोवरच्या चुण्या याने बऱ्याच निवळतील आणि पुढे वाढणार नाहीत. भोकं पडलेल्या पातळ शर्टात ती जाळी कड्यांना पुढे उसवू देणार नाही, इतकंच; पडलेलं भोक भरून येत नाही.